भिंतीवरची अठरा अक्षरे

गुणाजीचे डोळे गिरणीने घडवले. चौदाव्या वर्षी तो देवगडकडच्या गावातून लालबागला चुलत्याकडे आला आणि चुलत्याने त्याला फोल्डिंग खात्यात चिकटवले. विणून झालेले कापड तिथे तपासायला येई. तिरप्या टेबलावरून ते उजेडासमोर सरकायचे आणि गुणाजीने त्यातले दोष धरायचे. तुटके सूत, गाठ, तेलाचा थेंब. दोष दिसला की कापड थांबवायचे, चिमट्याने गाठ उचलायची, सूत सारखे करायचे, पुढे जायचे.

त्याचा पहिला मुकादम बुधाजी. सुरुवातीच्या दिवसांत गुणाजीने एका डागावर खडू घासून कापडाचा ताका पुढे ढकलला होता. बुधाजीने तो ताका परत आणून त्याच्यासमोर आपटला. म्हणाला, "खडू गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन धुतला जाईल. मग शिव्या कुणाला? डाग काढ, नाहीतर ताका बाजूला टाक. झाकायचं नाही." गुणाजीने सगळा ताका पहिल्यापासून पुन्हा तपासला. त्या दिवशी त्याला जेवायला वेळ मिळाला नाही. पण झाकायचे नाही, हे पंचवीस वर्षे डोक्यात राहिले. पुढे जे झाले ते त्यामुळेच झाले.

कॅमेरा त्याने चोरबाजारातून आणला. घडीचा, जुना, भात्याला दोन भोके पडलेला. भोकांना त्याने आतून काळ्या कापडाची ठिगळे लावली. बायको सुभद्रा म्हणाली, "आता माझेही फोटो काढा. ठिगळं तुम्ही लावालच." त्याने तिचा एक काढला. हलला. पुन्हा काढला, तोही हलला. मग त्याने एक महिना फिल्म न घालता नुसता खटका दाबायचा सराव केला. त्यानंतर त्याचा फोटो हलला नाही.

फिल्म धुऊन देणाऱ्या दुकानदाराने त्याला गिरगावच्या मंडळाचा पत्ता दिला. खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या माडीवर प्रकाशचित्र मंडळ भरे. घर मंडळाचे चिटणीस शरदचंद्र यांच्या मित्राचे. शरदचंद्र जुन्या मुंबईकर घराण्यातले, सॉलिसिटरच्या कचेरीत मोठ्या जागेवर होते. मागच्या न्हाणीघराची त्यांनी डार्करूम केली होती. सभासद पंधरावीस. वकील, कारकून, एक दाताचे डॉक्टर, आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या लीलाबाई. गिरणीतला गुणाजी एकटा. त्याला कुणी कमी लेखले असे नाही. उलट सगळे त्याला "गुणाजीराव" म्हणत. एवढा मान त्याला लालबागेत कुणी दिला नव्हता. त्यामुळे तो माडीवर जरा अवघडूनच बसे.

मंडळाची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी प्रत्येकाने आपापला एक प्रिंट आणायचा. प्रिंट टेबलावर मांडायचे, आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे. नुसते बोलायचे नाही, खुणा करायच्या. शरदचंद्र कचेरीतून जांभळी पेन्सिल आणत, जिने नकलेचे कागद लिहितात ती. ती हातोहात फिरे. इथून कापा, हे काळे करा, हे काढा. प्रिंट शेवटी जखमी माणसासारखा दिसे. आणि ज्याचा फोटो असेल त्याने तोंड उघडायचे नाही. हा नियम कडक होता. शरदचंद्र म्हणत, "बोलायचं ते फोटोनं. फोटो काढणारा प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावून सांगणार आहे का?"

गुणाजीला हे पटले. कापडसुद्धा स्वतःची बाजू मांडत नाही.

सत्तावन्न सालच्या सुरुवातीला त्याने कुशाबाचा फोटो काढला. कुशाबा त्याच्याच चाळीत तळमजल्यावर राहणारा म्हातारा. गिरणीत त्याने जन्मभर कापडाच्या गाठींवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बांधलेल्या गठ्ठ्यांवर, ब्रशने नाव आणि नंबर लिहिले. साचा ठेवून नाही, हाताने. निवृत्त झाला आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली, तेव्हा लालबाग-परळच्या भिंती त्याच्याकडे आल्या. पोरे चुन्याची बादली धरीत आणि कुशाबा लिही. दोरी न लावता त्याची ओळ सरळ जाई.

त्या दिवशी सकाळी गिरणीच्या कंपाउंडच्या काळ्या दगडी भिंतीवर त्याने लिहिले: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. हातभर उंचीची अक्षरे. त्यातला 'च' बाकीच्यांपेक्षा जाड. शेवटचे अक्षर संपवून तो ब्रश वर धरून मागे सरकला, आणि गुणाजीने खटका दाबला. कुशाबाचा चेहरा अर्धा वळलेला, हात वर, पायाशी बादली, मागे सगळी भिंत.

"इलंय काय रे मी?" कुशाबाने विचारले.

"आलात. अक्षरंही आली."

"माझा थोबाड काय, आज आसा उद्या नाय. अक्षरां दाखव लोकांका. गिरगावात लिवची माझी इच्छा होती. पण थयसर त्यांचे पेंटर आसत, माका कोण बोलावतलो?"

गुणाजी बोलून गेला, "काका, आमच्या मंडळाचं डिसेंबरात प्रदर्शन असतं. गिरगावातच. तुमची अक्षरं मी तिथे लावतो. तुम्हांला घेऊन जातो बघायला."

कुशाबाने मान डोलावली. त्याला ते खरे वाटले. गुणाजीलाही वाटले.

दोन दिवसांनी भिंतीवर डांबराचा हात फिरला. कुणी फिरवला हे विचारण्यात अर्थ नव्हता. आणि होळीच्या सुमारास कुशाबाच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाची बशी ओठापर्यंत नेताना निम्मी सांडायची. पोरे बादली घेऊन आली तर तो म्हणे, "आता तुम्हीच लिवा." ती भिंत ही त्याची शेवटची भिंत ठरली. ती आता फक्त गुणाजीच्या निगेटिव्हमध्ये होती.

पुढच्या पहिल्या रविवारी गुणाजीने प्रिंट टेबलावर मांडला. मांडून मागच्या बाकावर जाऊन बसला.

दाताचे डॉक्टर म्हणाले, "चेहरा छान आहे. पण बादली कशाला?" आणि बादलीवर फुली मारली.

एकजण म्हणाला, "डावीकडून कापा." त्याने डावीकडे रेघ ओढली. दुसरा म्हणाला, "छे, उजवीकडून." त्याने उजवीकडे ओढली. गुणाजीने मनात दोन्ही रेघा जुळवून पाहिल्या. मध्ये कुशाबाचा एक कान उरत होता.

मग मनमोहन उठला. हा सचिवालयात कारकून होता. बारीक अंगाचा, स्वच्छ कपड्यांचा. फोटो चांगले काढी आणि बोलेही चांगले. त्याने प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"अडचण ही अक्षरांची आहे," तो म्हणाला. "माणसाची नजर आधी अक्षर वाचते, मग चेहरा बघते. मी फोटो बघतोय की पोस्टर वाचतोय, हेच कळत नाही. ही अक्षरं काढली तर चेहरा पुढे येईल." त्याने अक्षरांच्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी रेघ ओढली. रेघ सरळ होती.

"पण अक्षरंच तर..." गुणाजी मागून बोलला.

शरदचंद्रांनी बोट वर केले. "गुणाजीराव, नियम."

गुणाजी पुन्हा बाकाला टेकला.

लीलाबाई शेवटी बोलल्या. "हात बघा. हात फार चांगला आलाय." बस, एवढेच. खूण काहीच केली नाही.

जिना उतरताना मनमोहनने गुणाजीला गाठले. इकडेतिकडे बघून हळू म्हणाला, "राग मानू नका. मत माझंही समितीलाच आहे. मी बोललो ते चित्र म्हणून बोललो."

"हो," गुणाजी म्हणाला.

"चित्र म्हणूनच."

"हो, हो."

गुणाजी लालबागपर्यंत चालत गेला आणि वाटेत याच एका गोष्टीचा विचार करीत राहिला. मनमोहन दोनदा 'चित्र म्हणून' का म्हणाला? सरकारी नोकरीला भिऊन म्हणाला असेल, तर अक्षरे ठेवायला हवीत. खरेच चित्र म्हणून म्हणाला असेल, तर काढायला हवीत. माणूस एकच, वाक्यही एकच, आणि अर्थ दोन. कापडावरचा डाग तेलाचा की शाईचा हे गुणाजी वासावरून सांगू शके. इथे वास काही येत नव्हता.

त्यानंतरच्या महिन्यात त्याने प्रिंट जरा गडद करून नेला. अक्षरे जास्तच उठली. मग फिका करून नेला. चेहरा गेला. मग डावीकडून कापून नेला. तेव्हा डावीकडून कापा म्हणणारा म्हणाला, "आधी जास्त मोकळं होतं, नाही का?" दरवेळी शेवटी गाडी अक्षरांवरच यायची. दिवाळी जवळ आली. शरदचंद्रांनी जाहीर केले की प्रदर्शनाची निवड पुढच्या बैठकीत होईल. ते गुणाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा म्हातारा यायला हवा, गुणाजीराव. मला मनापासून वाटतं. पण असा तो पास होणार नाही. ती भिंत तेवढी स्वच्छ करा."

त्या संध्याकाळी गुणाजीने सुभद्रेला सगळे सांगितले. ती भाकऱ्या थापत होती.

"अक्षरं ठेवली तर फोटो लागत नाही," तो म्हणाला. "फोटो लागला नाही तर अक्षरंही लागत नाहीत. अक्षरं काढली तर फोटो लागतो, पण अक्षरं नाहीत."

"मग?"

"निदान काका तरी लागतील भिंतीवर. त्यांचा चेहरा. काहीच नसण्यापेक्षा बरं."

"काकांना विचारलंत?"

"त्यांना फोटोतलं काय कळतं?"

सुभद्रेने भाकरी उलटली. "फोटोतलं नाही कळत. ते स्वतः फोटोत आहेत, एवढंच."

गुणाजीने तिचे ऐकले नाही. तो विचार करून थकला होता. आणि काम ठरले की त्याला बरे वाटे.

मंडळातला दुसरा कुणी असता तर त्याने प्रिंट घेतला असता, पांढऱ्या अक्षरांवर काळा जलरंग लावला असता आणि अर्ध्या तासात मोकळा झाला असता. सगळेजण हेच धरून चालले होते. ते सगळ्यांना इतके माहीत होते की गुणाजीला ते कुणी सांगितले नाही. आणि सांगितले असते तरी त्याने ते केले नसते. रंग लावणे म्हणजे डागावर खडू घासणे. दोष कापडात असेल तर कापडातून काढायचा. त्याच्या हिशेबी कापड म्हणजे निगेटिव्ह.

निगेटिव्हमध्ये पांढरे ते काळे दिसते. कुशाबाची अक्षरे फिल्मवर काळी, दाट उमटली होती, प्रत्येक तांदळाच्या दाण्याहून लहान. पहिली पाळी करून गुणाजी चारला घरी येई. खिडकीच्या काचेला निगेटिव्ह चिकटवी. डोळ्याला गिरणीतले सूत मोजायचे भिंग लावी, आणि दाढीच्या पात्याच्या टोकाने एकेक अक्षर खरवडी. दाब जास्त पडला तर फिल्मला भोक. कमी पडला तर अक्षर राही. श्वास रोखून चार घासण्या, मग श्वास. उजेड मावळला की काम बंद.

अठरा अक्षरे, अकरा दिवस. नुसत्या 'ष्ट्र'ला एक दिवस गेला. 'च' जाड होता, त्यालाही एक. तो खरवडताना त्याला पहिल्यांदा दिसले की कुशाबाने 'च'च्या पोटात ब्रश दोनदा फिरवला होता, दुसऱ्यांदा पहिल्याच्या अगदी वरून, केसाचाही फरक नाही. गुणाजी जरा थांबला. असे काम करणारा माणूस त्याला आवडे. मग त्याने ते खरवडले.

निवडीच्या रविवारी प्रिंट टेबलावर आला आणि खोलीत हालचाल झाली. काळी भिंत एकसारखी काळी. तिच्यापुढे म्हातारा, हात वर, हातात ब्रश. दाताचे डॉक्टर म्हणाले, "काय सफाई आहे." डावीकडून कापा आणि उजवीकडून कापा म्हणणाऱ्या दोघांनीही माना डोलावल्या. मनमोहन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता चेहरा दिसतो." पण ते म्हणताना तो चेहऱ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. पेन्सिल या हातातून त्या हातात गेली आणि एकही खूण न होता शरदचंद्रांकडे परत आली. मंडळात असे क्वचितच होई. फोटो एकमताने पास झाला.

गुणाजीला आनंद झाला. तो आनंद चहा येईपर्यंत टिकला.

चहाच्या वेळी लीलाबाई त्याच्याजवळ आल्या. "काम फार सुरेख झालंय. पण अक्षरांची मूळ निगेटिव्ह जपून ठेवा हं. पुढेमागे लागेल."

"निगेटिव्ह एकच आहे."

"म्हणजे हे प्रिंटवर नाही केलंत?"

"नाही. फिल्मवरच. पात्यानं."

लीलाबाईंनी कप खाली ठेवला. "मुळातल्या फिल्मवर?"

"दोष काढायचा तर तिथूनच काढायला पाहिजे ना?"

"अहो, प्रिंटवर रंग लावायचा होता. किंवा निगेटिव्हची नक्कल करून तिच्यावर. तुम्हांला कुणी सांगितलं नाही?" त्या शरदचंद्रांकडे वळल्या. शरदचंद्र मनमोहनकडे बघू लागले. मनमोहन म्हणाला, "मला वाटलं, माहीत असेल."

गुणाजी म्हणाला, "बोलायचं नव्हतं ना. नियम होता." तो टोमणा मारत नव्हता. जे होते ते सांगत होता.

घरी येऊन त्याने ट्रंकेतून पहिला प्रिंट काढला. कुशाबाची अक्षरे आता जगात तेवढ्या एका कागदावर होती. बाकीचे प्रिंट कापाकापीत आणि डार्करूमच्या बादलीत गेले होते. पण या पहिल्या प्रिंटवर जांभळी रेघ, फुल्या, खुणा. तो मनाशी म्हणाला, एवढ्या पुसून काढू. स्वच्छ फडके घेतले, पाण्यात बुडवून घट्ट पिळले, आणि मनमोहनच्या रेघेच्या एका टोकावर हलकेच फिरवले.

जांभळी पेन्सिल ओली झाली की शाई होते. हे कचेरीतल्या कोणत्याही शिपायाला ठाऊक असते. गुणाजी कचेरीत कधी बसला नव्हता. रेघ फुटली आणि सगळ्या ओळीवर जांभळा ओघळ पसरला. जसा तो पुसत गेला तसा तो वाढत गेला. शेवटी त्याने फडके बाजूला ठेवले. अक्षरे होती, पण कुणी त्यांच्यावर दौत पालथी केल्यासारखी. बादली तेवढी फुलीसकट कोरडी राहिली होती.

सुभद्रा मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते जांभळे फडके उचलले आणि मोरीत नेऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून येऊन तो दोन्ही प्रिंट घेऊन तळमजल्यावर गेला. कुशाबा खाटेवर बसून पाय चोळत होता. गुणाजीने आधी नवा प्रिंट त्याच्या मांडीवर ठेवला. कुशाबाचा हात हलत होता, म्हणून गुणाजीने कागद धरला.

कुशाबाने बराच वेळ पाहिले. "ह्यो मीच मा?"

"तुम्हीच."

"मगे मी हय काय करतंय? ब्रश घेवन माश्यो मारतंय?"

गुणाजीने दुसरा प्रिंट पुढे केला. कुशाबाने तो पाहिला. त्याने ओघळाखालून एकेक अक्षर ओठांनी वाचले.

"ह्यात आसत. पण ही शाई कोणी सांडली?"

"मीच. पुसायला गेलो."

"आणि त्यातली?"

"तीही मीच. पात्यानं. त्यांनी सांगितलं म्हणून." मग खोटे वाटू नये म्हणून म्हणाला, "सांगितलं त्यांनी. काढली मी."

"किती दीस लागले?"

"अकरा."

कुशाबा हसला. दात नव्हते, त्यामुळे हसणे उघडे दिसले. "माका लिवूक दीड तास लागलो. तुका पुसूक अकरा दीस. मेहनत तुझी जास्त रे, गुणा."

गुणाजीला कळेना की म्हातारा रागावला आहे की थट्टा करतो आहे. त्याने कुशाबाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. पंचवीस वर्षे उजेडात दोष शोधणाऱ्या माणसाला तिथे काहीच सापडले नाही.

"काका, मी तो फोटो प्रदर्शनातून काढून घेतो."

"कित्याक? माका न्हेतलंस म्हणून सांगितलंस ना? मी कोट धुवक दिलंय."

प्रदर्शन गिरगावातल्या एका शाळेच्या सभागृहात होते. गुणाजी कुशाबाला ट्रामने घेऊन गेला. कुशाबाने गाठींच्या खात्यातला जुना काळा कोट घातला होता आणि कंप सुटलेला हात खिशात ठेवला होता. दारात शरदचंद्रांनी त्याला हात जोडले. "आपणच का ते? या, या. आपला फोटो समोरच लावलाय."

फोटो खरेच समोर होता. चांगल्या जागी, चांगल्या चौकटीत. खाली चिठ्ठीवर मंडळाने नाव दिले होते: 'आरंभ'. गुणाजीला हे नाव ठाऊक नव्हते. तो ते दोनदा वाचून कोड्यात पडला. शेवटची भिंत, आणि नाव आरंभ.

फोटोपुढे पाचसहा माणसे होती. एक गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होते, "बघ, कोरी भिंत आहे. आता तो काय लिहिणार, हे आपण ठरवायचं."

कुशाबा पुढे झाला. "ठरवूक कशाक होया? लिवन झालाहा."

गृहस्थ वळले. त्यांनी फोटोतल्या म्हाताऱ्याकडे आणि मग या म्हाताऱ्याकडे पाहिले.

कुशाबाने खिशातून हात बाहेर काढला. बोट हलत होते. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरले, तेव्हा ते जरा थांबले. ते बोट त्याने फोटोच्या काचेपासून इंचभर लांब धरले. "हयसून सुरवात. 'मुंबईसह'. हय 'संयुक्त'. 'महाराष्ट्र' माझ्या डोक्याच्या वयल्या अंगाक, ह्यां बघा, जागा थोडी कमी पडली म्हणान 'ष्ट्र' चेपलंय. फुडे 'झालाच'. 'च' जाड. मगे 'पाहिजे'." बोट ओळीने गेले. दोरी न लावता ते सरळ गेले.

गृहस्थ वाकून बघू लागले. त्यांची बायको म्हणाली, "दिसतंय की थोडं." आणखी दोघे वाकले. खरवडलेल्या जागी भिंत एक सूतभर वेगळी काळी होती. गुणाजीला ते पहिल्या दिवसापासून दिसत होते. फोल्डिंग खात्यात असा ताका त्याने पास केला नसता. मंडळात कुणाला दिसले नाही म्हणून तो गप्प बसला होता. आता म्हाताऱ्याचे बोट फिरले की लोकांनाही दिसायला लागले होते.

गर्दी वाढली तशी शरदचंद्र लगबगीने आले. "गुणाजीराव, हे काय? मंडळाचा नियम आहे. फोटोनं बोलायचं."

लीलाबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "ज्यानं काढला त्यानं बोलायचं नाही, असा नियम आहे. ह्यांनी कुठे काढलाय?"

शरदचंद्रांनी विचार केला. वकिलाच्या कचेरीतला माणूस. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी कुशाबासाठी खुर्ची मागवली. कुशाबा बसला नाही. बसून बोट तिथवर पोचत नव्हते.

मनमोहन खांबाला टेकून उभा होता. गुणाजी त्याच्याशेजारी जाऊन थांबला. कुशाबा तिसऱ्यांदा वाचत होता. मनमोहन हळूच म्हणाला, "'च'मध्ये ब्रश दोनदा फिरवलाय."

गुणाजी चमकला. "तुम्हांला कसं माहीत?"

"पहिल्या प्रिंटमध्ये बघितलं होतं."

"एवढं बघितलं होतं, तर मग काढायला का सांगितलंत?"

मनमोहनने चष्मा काढून पुसला. "चित्र म्हणून," तो म्हणाला. नंतर म्हणाला, "मला वाटतं, चित्र म्हणून." आणि चष्मा घालून दुसऱ्या फोटोंकडे गेला.

कुशाबाने दीड तास भिंत वाचली. मग तो दमला. परतताना ट्राममध्ये तो खिडकीशी बसला, हात पुन्हा खिशात. गुणाजी त्याच्याशेजारी. आपण दिलेला शब्द पाळला की मोडला, हे तो मनात जुळवून पाहत होता. अक्षरे गिरगावात लागली नव्हती. पण गिरगावात पन्नाससाठ माणसांनी ती वाचली होती. पुसली नसती तर लागली नसती. पुसली म्हणून म्हाताऱ्याला ती वाचून दाखवावी लागली. मग चूक कुठे झाली? चूक तर झालीच होती, ती खरवडलेल्या निगेटिव्हमध्ये होती आणि परत येण्यासारखी नव्हती. लालबाग आले तरी त्याचा मेळ बसेना.

उतरताना त्याने शेवटी विचारलेच. वर्षभर पंधरावीस शिकलेल्या माणसांना विचारले होते, या एकाला विचारले नव्हते.

"काका, फोटो कसा झालाय? खरं सांगा."

कुशाबाने रस्त्यावर पाय टेकले, तोल सावरला, आणि जरा आठवून पाहिले.

"बादली बरी इलीहा," तो म्हणाला, आणि चाळीकडे चालू लागला.

गुणाजी पुढे बारा वर्षे मंडळात राहिला. जांभळी पेन्सिल त्याच्याकडे आली की तो एकही खूण न करता ती पुढे देई. निवृत्त झाल्यावर त्याने चोरबाजारचा कॅमेरा विकला, पण तो शाई पसरलेला प्रिंट चौकट करून खोलीत लावला. आल्यागेल्याची नजर जांभळ्या डागावर जाई आणि तो विचारी, हे काय झालं. गुणाजी उठून भिंतीजवळ जाई आणि आधी बादली दाखवी.